उतरवायची जागा

पुनावळ्यातल्या एका तरुणाने जुना लार्ज फॉरमॅट कॅमेरा विकत घेतला. चार बाय पाच इंचांची फिल्म, होल्डरमध्ये दोनच बसतात. डोक्यावर काळं कापड घेऊन दुधी काचेवरचं उलटं चित्र बघायचं, मग एकेक फोटो काढायचा.

पहिल्याच रविवारी तो घोरावडेश्वराच्या डोंगरावर निघाला. पिशवीत तीन लेन्स, दहा होल्डर, लाइट मीटर. खांद्यावर जड ट्रायपॉड. पायऱ्यांच्या प्रत्येक वळणावर त्याला वाटे, इथूनच बरा येईल. तो सगळं मांडे, पुन्हा आवरे. वरच्या लेण्यांपाशी पोचला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं, निम्म्याहून जास्त फिल्म संपली होती आणि एकही फोटो मनासारखा नव्हता.

संध्याकाळी मामा आले. भोसरीच्या गोदामांत त्यांनी जन्मभर माथाडी काम केलेलं. पिशवी एका हाताने उचलून ते म्हणाले, "एवढं कशाला रे?"

"वर काय लागेल ते आधी कसं कळणार, मामा? अमेरिकेत अ‍ॅन्सल अ‍ॅडम्स १९२७ साली योसेमिटीत हाफ डोमचा कडा टिपायला गेला. फिल्मच्या जागी वापरायच्या बारा काचा घेऊन निघाला, कड्यासमोर पोचेपर्यंत दोनच उरल्या. कमी नेल्या असत्या तर?"

"त्या दोन काचांचं काय केलं?"

"एकीवर पिवळा फिल्टर लावून फोटो घेतला. मग त्याच्या लक्षात आलं की आकाश फिकं येणार, आपल्याला तर काळंभोर हवंय. म्हणून शेवटच्या काचेच्या वेळी लाल फिल्टर लावला. तोच फोटो गाजला."

"म्हणजे काय हवं ते कळलं, तेव्हा एकच काच लागली," मामा म्हणाले. "पोतं उचलायच्या आधी आम्ही थप्पी कुठं लावायची ते बघून यायचो. न बघता पाठीवर घेतलं, की माणूस ओझ्यासकट गोदामभर फिरतो. तू आधी मोकळ्या हातांनी जाऊन ये."

भाच्याने खोक्याच्या पुठ्ठ्यात चार बाय पाच इंचांची खिडकी कापली. अशी चौकट डोळ्यापासून पंधरा सेंटीमीटरवर धरली, की दीडशे मिलीमीटरच्या लेन्समधून जेवढं येईल तेवढंच दिसतं. ती खिशात घालून तो भल्या पहाटे डोंगर चढला. एका वळणावर खालची लोणावळा लोकल, हायवे आणि मागचा डोंगर एका चौकटीत बसले. उजेड तिथे कधी येतो तेही त्याने बघून ठेवलं.

पुढच्या खेपेला त्याने एकच लेन्स आणि दोन होल्डर घेतले.

"मामा, ट्रायपॉडही हलका नेऊ का?"

"तिथं वारा होता?"

"जोराचा."

"मग जडच ने."

वळणावर पोचून त्याने ट्रायपॉड रोवला, उजेडाची वाट पाहिली. दुसऱ्याच फिल्मवर हवा तो फोटो मिळाला. उरलेल्या दोन तशाच परत आल्या.

तात्पर्य: उतरवायची जागा आधी बघावी, कोणतं ओझं टाकायचं आणि कोणतं कितीही जड असलं तरी न्यायचं, ते तिथेच कळतं.