मेणातला तुकडा

डोळे मिटू नका. मननाला बसताना डोळे मिटायची पद्धत आहे, पण आपण डोंबिवलीहून स्लो गाडीनं परळच्या टाटा रुग्णालयात निघालोय. मांडीवर फाइल आहे, पिशवीत ब्लॉक आहे, आणि लोकलमध्ये डोळे मिटणाऱ्याचं स्टेशन जातं. तेव्हा डोळे उघडेच असू द्या. फक्त खांदे खाली सोडा. ते कधीचे कानांना टेकलेत.

श्वास मोजायला मी सांगणार नाही. चार वर्षांपूर्वी केमोच्या दिवसांत मला ते कोणीतरी शिकवलं होतं. सातापर्यंत जायची आणि मळमळ सुरू व्हायची. गाडीचा हेलकावा आपोआप चालू असतो, त्यासाठी आपल्याला काही करावं लागत नाही. पाठ टेकून त्याच्या हवाली करा.

हा डबा दिव्यांगांचा आणि कर्करोगाच्या रुग्णांचा. तरी आत शिरलं की कोणीतरी वरपासून खालपर्यंत बघतंच. माझे केस परत आलेत, रंगही बरा आहे. मागच्या खेपेला काखेत कुबडी असलेल्या एका माणसानं विचारलं, "तुम्हाला काय झालंय?" त्याचा हक्क दिसत होता, माझा दिसत नव्हता. वहिनीनं फाइलमधून दाखला काढून त्याच्यापुढे धरला. त्यानं तो सावकाश वाचला, घडी घालून परत दिला आणि सरकून जागा केली. "माझी आई पण टाटालाच होती," एवढंच म्हणाला. मुलुंडला उतरेपर्यंत दुसरा शब्द नाही. 'होती' म्हणजे काय, ते मी विचारलं नाही.

कोपर गेलं. आता लक्ष पिशवीकडे न्या.

तुमच्या पिशवीतही असा ब्लॉक असेल, किंवा कधी होता. नसेल तर माझा बघा. काडेपेटीपेक्षा लहान प्लास्टिकची जाळीदार चौकट, तिच्यावर मेणाची पांढरी वडी, आणि वडीत नखाएवढा करडा ठिपका. तो ठिपका मी आहे. जुन्या टाक्यांच्या जवळ पुन्हा गाठ लागली, तिथून सुईनं काढलेले हे तुकडे. आधी फॉर्मलिनमध्ये बुडवले, त्यातलं पाणी काढून टाकलं, मग पॅराफिनमध्ये बसवले. यंत्रावर या वडीचे कागदाहून कितीतरी पातळ, तीन-चार मायक्रॉनचे काप निघतात. ते काचेवर घेऊन रंगवतात, पेशींची केंद्रकं जांभळी आणि बाकीचं गुलाबी दिसतं, आणि मग कोणीतरी खुर्चीत बसून माझ्या पुढच्या वर्षांबद्दल दोन ओळी लिहितं.

यावेळच्या दोन ओळींत 'हर-टू : टू प्लस' असं आलं. हर-टू हे गाठीच्या पेशींवरचं एक प्रथिन, ते जास्त आहे का ते बघतात. या तपासणीत शून्य किंवा एक आला की नाही, तीन आला की हो. दोन म्हणजे सांगता येत नाही. तो आला की ब्लॉक 'फिश' नावाच्या पुढच्या तपासणीला जातो. हे डॉक्टरांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वहिनी गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, "श्रावण चालू आहे हो." डॉक्टर हसले, मग मीही हसले. त्या खोलीत त्या दिवशी तेवढंच हसणं झालं.

या 'टू प्लस'पाशी जरा थांबू. आपल्याला हो चालतं. रडून-भेकून नाही सुद्धा चालतं. सांगता येत नाही, हे मात्र रात्री अंथरुणात शेजारी येऊन झोपतं. त्याला ढकलून बघा, जात नाही. मी ढकलायचं सोडलं त्याचं कारण साधं आहे: हे 'सांगता येत नाही' खरं बोलत होतं. ज्यांनी मला तोवर ठामपणे काही सांगितलं होतं त्यांच्यापैकी निम्म्यांना काहीच माहीत नव्हतं.

आणि त्या ठिपक्याकडे पुन्हा बघा. तो आहे त्या मंगळवारचा, सुई घातली त्या दिवशीचा. पुढचं त्याला ठाऊक नाही. त्यानंतर मी अळूचं फदफदं केलं, भाच्याच्या मुलाला पाढे शिकवले, वहिनीशी भांडले आणि तिच्याच हातची भाकरी खाल्ली. ब्लॉक माझ्याबद्दल खरं सांगतो, पण सगळं सांगत नाही. रिपोर्ट हातात येतो तेव्हा आपण नेमकं हेच विसरतो. कागद म्हणजेच आपण असं वाटायला लागतं.

मेण साठेक अंशांना वितळतं. डोंबिवलीचा उन्हाळा कितीही वाईट असला तरी तेवढा नाही. तरी वहिनीनं ब्लॉक रुमालात गुंडाळून, डब्याच्या पिशवीत थंड पाण्याच्या बाटलीला चिकटवून ठेवलाय आणि पिशवी खिडकीपासून लांब धरलीय. मी तिला काही म्हणत नाही.

मुंब्र्याला डावीकडे डोंगर येतो, वर देवीचं देऊळ. उजवीकडे खाडी. आमच्या लहानपणी फास्ट गाडी पारसिकच्या बोगद्यातून जायची आणि आम्ही पोरं दुसरं टोक येईपर्यंत श्वास रोखून धरायचो. बोगदा, काळोख, पलीकडचा उजेड, ही उपमा आजाऱ्याला इतक्या जणांनी दिलेली असते की मी ती इथे देणार नाही. खाडी बघा. ओहोटी असेल तर चिखल दिसेल आणि त्यात बगळा. तो दिसला तर तेवढाच बघा.

ठाणं आलं की माझ्या डोक्यात नात्यातली माणसं चढतात. प्रत्येकाच्या हातात एक पर्याय. गव्हांकुराचा रस. लक्ष्मणफळ. गोमूत्राची बाटली. बदलापूरच्या कोणाचा तरी मेहुणा, ज्याला डॉक्टरांनी घरी पाठवलं होतं आणि एका वैद्याच्या पुडीनं तो आज शेत नांगरतोय. या मेहुण्याला अजून कोणी पाहिलेलं नाही. पूर्वी मी चिडायचे. आता असं करते, तुम्हीही करून बघा: माणूस आणि बाटली वेगळी करायची. माणसाला बसवायचं, चहा द्यायचा, त्याची धडपड दोन्ही हातांनी घ्यायची. बाटलीबद्दल मात्र आपल्या डॉक्टरांना विचारायचं, आणि घेतलीच असेल तर लपवायचं नाही. पाल्याचे काही अर्क औषधांचं काम बिघडवतात, यकृताला झेपत नाहीत. लपवलेली पुडी सापडते ती थेट रक्ताच्या तपासणीत, आणि तोवर उशीर झालेला असतो.

पैशाचंही इथेच आटपून घेऊ, कारण ते मनात ठेवून मनन होत नाही. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं, ते योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात जा. लाज घरी ठेवून जा. आम्ही पहिल्या वेळेला दारापर्यंत जाऊन परत आलो होतो.

आता विक्रोळी, घाटकोपर. ही स्टेशनं जाऊ द्या.

कुर्ल्यापाशी मला मेहरबाई टाटा आठवतात, का ते ठाऊक नाही, गाडी तिथे रेंगाळते म्हणून असेल. सर दोराबजींची बायको. पैशानं मिळेल ते सगळं हाताशी, आणि १९३१ साली वेल्समधल्या एका नर्सिंग होममध्ये रक्ताच्या कर्करोगानं गेली. तेव्हा त्यावर बरं करणारं औषध कुठेच नव्हतं, विलायतेतही नव्हतं. पुढच्याच वर्षी दोराबजी गेले. त्यांच्या ट्रस्टनं परळला उभारलेलं रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालं, ८० खाटांचं. ज्या बाईला एकही पर्याय मिळाला नाही तिच्या आठवणीशी जोडलेल्या या रुग्णालयात आज आपण फाइल काढतो आणि पर्याय जास्त झाले म्हणून डोकं धरून बसतो. हे मी कोणाला ऐकवायला म्हणत नाहीये. मला फक्त तिची खिडकी डोळ्यांसमोर येते. वेल्समध्ये जून महिन्यात बाहेर काय दिसत असेल?

आता हे सगळ्यात सावकाश वाचा.

टाटाच्या डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी २०२३ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. स्तनाच्या कर्करोगाच्या १६०० बायका, देशातली अकरा केंद्रं. निम्म्या जणींना शस्त्रक्रियेच्या थोडं आधी, भूल दिल्यावर, गाठीच्या भोवती लिग्नोकेनचं इंजेक्शन दिलं. दाताचे डॉक्टर हिरडी बधिर करायला देतात तेच, अगदी किरकोळ पैशांचं. बाकीच्या निम्म्यांना दिलं नाही. पाच वर्षांनी पहिल्या गटातल्या शंभरातल्या ९० जणी हयात होत्या, दुसऱ्या गटातल्या ८६. शंभरामागे सुमारे चार जणींचा फरक.

आता त्या चार जणींकडे बघा. त्या आहेत. कुठेतरी कुकरच्या शिट्ट्या मोजताहेत, सुनेला बोल लावताहेत, रिक्षावाल्याशी सुट्ट्या पैशांवरून हुज्जत घालताहेत. पण त्या कोणत्या, हे कोणाला सांगता येत नाही. बडव्यांना नाही, आकडे मांडणाऱ्यांना नाही, त्या स्वतःलाही ओळखत नाहीत. इंजेक्शन मिळालेल्या नव्वदांपैकी बहुतेक जणी त्याच्याशिवायही जगल्याच असत्या. चार जणी नसत्या. आणि त्या चौघींच्या आत असं काहीही वाजत नाही की, तू त्यांतली.

मी या वाक्यावर कितीतरी रात्री काढल्या. पहिल्या वेळी आधी केमो घ्यायची की आधी शस्त्रक्रिया, यावर मला दोन ठिकाणी दोन उत्तरं मिळाली होती. दोघंही जाणते होते, दोघांनीही कारणं दिली. मी एक रस्ता धरला. चार वर्षांनी गाठ आली तेव्हा पहिला विचार हाच आला की दुसरा रस्ता धरला असता तर. तो विचार तुमच्याही ओळखीचा आहे. तो मुंबईच्या गाड्यांसारखा, एक चुकला की तीन मिनिटांत दुसरा. लवकर दाखवलं असतं तर. त्या वर्षी लग्नकार्य नसतं तर. दुसऱ्या डॉक्टरांचं ऐकलं असतं तर.

त्याला त्या चार जणींच्या शेजारी बसवा. त्यांना आपण कशानं जगलो ते माहीत नाही. मग आपल्याला आपण कशानं आजारी पडलो, कशानं उलटलं, हे नेमकं कळेल अशी आशा कशाला? औषध शंभरांच्या हिशेबात काम करतं आणि आपण एकेकट्यानं जगतो. या दोन हिशेबांचा मेळ लागत नाही. रस्ता निवडायच्या आधी जितकं विचारता येईल तितकं विचारा, वहीत प्रश्न लिहून न्या, दुसरं मत घ्या, ब्लॉक घेऊन हिंडा. तो आपला हक्क आहे, आणि त्यानं रागावणारे डॉक्टर मला तरी फार भेटले नाहीत. पण एकदा रस्ता धरला की दुसरा रस्ता पुसायचा. तो होता तसा कधी नव्हताच, आपण तो नंतर मनात रंगवतो, आणि रंगवलेल्या रस्त्यावर कोणालाच पुन्हा गाठ येत नाही.

आज मला जमलं. काल जमलं नव्हतं.

एक प्रश्न मात्र कधीही विचारता येतो, पहिल्या दिवसापासून: दुखणं कसं थांबवता येईल? वेदना कमी करणं म्हणजे हात टेकणं, असं आपल्याकडे घरच्यांना वाटतं आणि म्हणून रुग्ण दात आवळून पडून राहतो. डॉ. एल. जे. डिसोझा यांनी १९८६ साली वांद्र्याला शांती आवेदना सदन सुरू केलं, असं सदन देशातलं पहिलंच. ते शेवटाकडे आलेल्यांसाठी आहे. पण दुखणं शेवटाची वाट बघत नाही, आणि उपचार चालू असतानाही ते थांबवायचं असतं. सांगा. न लाजता, आकड्यात सांगा: दहापैकी किती.

दादर. आता उठा, पुढचं आपलं.

परळच्या पुलावर सगळे घाईत असतात, तुम्ही घाई करू नका. अर्नेस्ट बोर्जेस रस्त्यावर फुटपाथला माणसं बसलेली दिसतील, गया, मालदा, नांदेड, कुठून कुठून आलेली. एक बाई प्लास्टिकच्या चटईवर नवऱ्याला चमच्यानं वरणाचं पाणी पाजत होती, नळी नाकात, तरी ती चमचा ओठांना लावत होती, नुसती चव म्हणून. आपल्याला रात्री डोंबिवलीला परतायचं घर आहे, हे तिथे फार मोठं वाटायला लागतं. त्या वाटण्याची थोडी शरमही वाटते. दोन्ही असू द्या.

ब्लॉक खिडकीत दिला. आतल्या मुलीनं नंबर पडताळला, पावती दिली. कुठल्या तरी काळोख्या खोलीत कोणी तरी माझ्या पेशींमधले लाल आणि हिरवे ठिपके एकेक करून मोजणार. लाल पुरेसे जास्त निघाले तर एक औषध चालेल, नाही तर दुसरं. दहा-बारा दिवस लागतील. पावती फाइलमध्ये गेली.

परत येताना परळहूनच सुटणारी कल्याण गाडी मिळाली, रिकामी, खिडकी दोघींना. वहिनीनं दहीभाताचा डबा काढला. सायनच्या पुढे ऊन तिरकं होऊन बाकावर आलं आणि डब्याच्या पिशवीवर पडलं. वहिनीनं ती उचलली आणि माझ्या पायांपाशी सावलीत ठेवली, बाटली आत नीट उभी केली.

"अगं, आता त्यात काही नाहीये," मी म्हटलं.

"असू दे गं," ती म्हणाली, आणि लोणच्याची फोड माझ्या भातावर ठेवली.