थंड पाण्यातली भूक

पौषातली सकाळ आहे असं समजा. नाशिकजवळ, गोदावरीवरच्या गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरच्या काठी तुम्ही बसला आहात. घाईत असतात तर गळ घेऊन इथे आलाच नसतात. काठी बाजूला ठेवा आणि आधी नुसतं पाण्याकडे बघा.

पाण्यावरून वाफ निघते आहे. रात्रीतून हवा भलतीच गारठली. नाशिकला याची सवय आहे. निफाडच्या कुंदेवाडी गहू संशोधन केंद्रात पारा ५ अंशांखाली उतरल्याची बातमी येते आणि द्राक्षबागांतून शेकोट्या पेटतात. पाण्याला मात्र एका रात्रीत इतकं बदलता येत नाही. त्याला तापायला वेळ लागतो, तसा निवायलाही. म्हणून अशा पहाटे हवेपेक्षा पाणीच उबदार असतं, आणि ही वाफ त्या फरकाची. हात बुडवून बघा. आत बरं वाटेल, बाहेर काढलात की बोटं झोंबतील. दिवाळीपासून हे पाणी दिवसादिवसाने निवत आलं आहे, आणि त्यातला मासाही त्याच्याबरोबर.

इथे जरा थांबा. मासा निवला, हे शब्दशः खरं आहे. तुमच्या अंगात ३७ अंशांची शेकोटी रात्रंदिवस पेटलेली असते आणि तिला सरपण म्हणून दोन वेळचं जेवण लागतं. माशाकडे ती शेकोटी नाही. पाण्याचं तापमान तेच त्याच्या अंगाचं. पाणी १० अंशांनी उतरलं की त्याच्या शरीराचा खर्च ढोबळमानाने निम्म्यावर येतो. हृदय संथ होतं, पचन संथ होतं. शिवाय गार पाण्यात प्राणवायू जास्त मुरतो: ३० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास, तर १५ अंशांच्या पाण्यात १०. श्वासाला कष्ट कमी आणि खर्चही कमी, मग धावपळ कशासाठी करायची?

तळाशी, बुडालेल्या दगडाच्या आडोशाला असलेल्या त्या माशाकडे मन न्या. त्याचे कल्ले उघडतात, मिटतात. काही वेळ तेवढंच बघा. तो जेवण सोडून बसलेला नाही. त्याची भूक लहान झाली आहे, इतकंच.

अमेरिकेत बास नावाच्या माशामागे लोक वेडे आहेत. थंडीत त्याच्यासाठी ते बोटाच्या पेरांएवढी, दोन-तीन ग्रॅम वजनाची नकली आमिषं वापरतात. बास गोदावरीतला नाही, आणि नाही तेच बरं. जपानने १९२५ साली तो हौसेने आशी सरोवरात सोडला. पुढे तो देशभर पसरला, तिथल्या माशांवर ताव मारू लागला आणि अखेर कायद्याने त्याला उपद्रवी परका ठरवावं लागलं. आपल्याकडे १९५२ मध्ये आणलेली मूळची आफ्रिकेची चिलापी किती तळ्यांत माजली आहे, ते जाळं ओढणाऱ्या कोणालाही विचारा. पण अमेरिकेतल्या त्या युक्तीमागचं कारण आपल्या मरळीला, शिंगाळ्याला, अगदी त्या चिलापीलाही लागू आहे. तेवढं घेऊ, मासा तिकडेच राहू द्या.

मासा पुष्कळदा आमिष आधी चावत नाही. तो झटकन तोंड उघडतो, गालफडं फुगवतो आणि पाण्याचा घोट आत ओढतो. त्या घोटाबरोबर आमिष आत जातं. उन्हाळ्यात हा घोट जोरकस असतो, थंडीत दुबळा. जड आमिष त्या घोटाला दाद देत नाही, हलकं सहज आत शिरतं. आणि मोठा घास मिळाला तरी गार अंगात तो पचायला फार वेळ लागतो. मोठं दिसलं की हपापून येईल ही समजूत माणसाची, तीही लग्नाच्या पंगतीत बसलेल्या माणसाची.

आता काठी उचला. गळ लहान घ्या, शिसं ज्वारीच्या दाण्याएवढं. आमिष झिंग्याएवढं, मऊ रबराचं. किंवा सरळ गांडूळ, तेही अर्धं. दोरा बारीक असू द्या, कारण जाड दोऱ्याला बांधलेलं हलकं आमिष मोकळेपणाने हलत नाही. फेका. ते सावकाश बुडेल. बुडू द्या.

दोरा ओढावा असं आता वाटेल. ती ओढ ओळखा. पाण्यात काही घडलेलं नसतं. तुमच्याच गरम रक्ताला काहीतरी घडायला हवं असतं. माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंनी एक रेघ असते, पाण्यातली बारीकशी थरथर तो तिने ओळखतो. तुम्ही विसावलात तरी ते आमिष पाण्याच्या हालचालीने किंचित डोलत असतं, आणि त्याला तेवढं पुरतं. म्हणून हात तसाच ठेवा. इच्छा येईल, जाईल, परत येईल. तिच्याशी भांडू नका.

मागून कोणीतरी जाईल आणि विचारेल, "लागलं का काही?" काठावर बसणाऱ्याला हा प्रश्न चुकत नाही. मान हलवा आणि पुन्हा दोऱ्याकडे या. थंडीतला मासा हिसका देत नाही. दोरा जरासा जड वाटतो, किंवा ताणलेला असतो तो उगाच सैल पडतो. एवढीच खूण. मन विचारणाऱ्याच्या मागे निघून गेलं असेल, तर ती निसटली.

गळ टाकून बसण्याची ही रीत आपल्याला परकी नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. राजाच्या करमणुकींत त्याने मत्स्यविनोदाला जागा दिली आणि कोणत्या माशाला काय खाऊ घालावं हेही लिहून ठेवलं. इंग्रजीत ज्याचा फार बोलबाला आहे ते आयझॅक वॉल्टनचं गळाच्या छंदावरचं पुस्तक १६५३ चं. म्हणजे दख्खनच्या राजाने माशाच्या भुकेचा विचार पाचशे वर्षं आधी केला होता. मला हे वॉल्टनच्या प्रसन्न गप्पांपेक्षा मोलाचं वाटतं.

ऊन वर येऊ द्या. अकराच्या सुमारास काठालगतचं उथळ पाणी, विशेषतः काळ्या दगडांजवळचं, खोल पाण्याआधी कोमट होतं. मासा तिकडे सरकतो, तुम्हीही सरका. पहाटे पाचला येऊन बसण्याचा हट्ट थंडीत मासेमारीच्या काही कामाचा नाही. पहाटे यायचं ते वाफ बघायला.

काही लागलंच आणि ते लहान निघालं, तर हात ओला करून धरा. कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तोच त्याचं रोगापासून रक्षण करतो. गळ काढा, सोडून द्या.

निघताना दोन गोष्टी करा. धरणांवर मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमार संस्थेकडे असतो, तेव्हा पुढच्या वेळी बसण्याआधी त्यांना विचारा. आणि तुटलेला दोरा काठावर टाकू नका. याच नदीवर खाली नांदूर मध्यमेश्वर आहे, २०२० मध्ये जाहीर झालेलं महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. ते अभयारण्य असल्याने तिथे गळ घेऊन जायचं नाही हे आपल्याला कळतं. पण पाणकावळे, बगळे काही अभयारण्याची हद्द पाळत नाहीत. नायलॉनचा दोरा वर्षानुवर्षं कुजत नाही आणि पायात अडकला तर पक्षी त्यातून सुटत नाही. गुंडाळा, खिशात घाला, घरी न्या.