टाळी कुणाच्या खात्यावर?

जपमाळेत मणी 108 का, हे आपल्यातल्या पुष्कळजणी पाठशाळेत शिकलेल्या असतात आणि लग्नानंतर दोन-चार वर्षांत विसरलेल्या असतात. तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात त्याचा हिशेब आहे. पाप करायचं मनात धरणं, त्याची साधनं जमवणं आणि प्रत्यक्ष हात घालणं, म्हणजे संरंभ, समारंभ, आरंभ. हे मनाने, वाणीने नाहीतर कायेने होतं. स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं, किंवा करणाऱ्याला नुसतं 'बरं केलंस' म्हटलेलं: कृत, कारित, अनुमत. आणि या सगळ्याच्या मुळाशी क्रोध, मान, माया, लोभ यांतला एखादा कषाय. तीन त्रिक नऊ, नऊ त्रिक सत्तावीस, सत्तावीस चोक एकशे आठ. (समारंभ म्हटलं की आपल्याला लग्न-बारसं आठवतं. शास्त्रात त्या शब्दाचा अर्थ हिंसेची जमवाजमव असा आहे हे ऐकून आमच्या वन्सं बराच वेळ हसत होत्या.)

यातला 'अनुमत' हा मला सगळ्यांत अवघड मणी वाटतो. केलेलं आणि करवलेलं माणसाच्या लक्षात राहतं. मनातल्या मनात दिलेल्या पसंतीची नोंद कोण ठेवतो? आणि ही पसंती आपण सर्वांत मोकळ्या हाताने कुठे वाटतो, तर सिनेमात. तिकीट काढून, अंधारात बसून, शेजारीण ओळखीची असली तरी तिची भीड न बाळगता.

यावर ठरलेलं उत्तर तयार असतं. सिनेमा खोटा असतो. अमजद खानला कुणी खरं मारलं नाही, शूटिंग संपल्यावर तो घरी गेला, जेवला. मग हिंसा कसली आणि अनुमोदना कसली?

आमच्या बेळगाव भागात हे उत्तर फार टिकत नाही, कारण आम्हांला यशोधर राजाची गोष्ट दोन्ही भाषांतून ऐकायला मिळते. तेराव्या शतकात जन्न कवीने ती कन्नडमध्ये लिहिली. बस्तीतल्या प्रवचनात ती मराठीत येते. यशोधराला वाईट स्वप्न पडतं. शांतीसाठी देवीला बळी द्यावा, असं त्याची आई चंद्रमती म्हणते. तो जीव मारायला तयार नसतो. शेवटी आई मधला मार्ग काढते, पिठाचा कोंबडा करू आणि तोच कापू. कोंबडा पिठाचा, रक्त नाही, जीव नाही. तरी त्या एका संकल्पापायी मायलेकांना जन्मामागून जन्म जनावरांच्या योनीत काढावे लागले. सिनेमा म्हणजे पिठाचा कोंबडाच की. कापणारा हात खोटा, कापला जाणारा खोटा. खरा तो फक्त कापावंसं वाटणारा.

तंदुळमत्स्याची गोष्ट तर त्याहून थेट. महामत्स्याच्या कानात राहणारा तांदळाच्या दाण्याएवढा मासा. मोठ्याच्या उघड्या तोंडातून लहान मासे येतात-जातात आणि हा चडफडतो, मी याच्या जागी असतो तर एकाला सोडलं नसतं. एक मासा खाल्ला नाही त्याने, आणि गेला सातव्या नरकात. प्रेक्षक या प्राण्याचं इतकं नेमकं वर्णन मी दुसरीकडे कुठे वाचलेलं नाही.

पण म्हणून 'सिनेमा बघू नका' हे सांगणाऱ्यांच्या रांगेत मला उभं राहायचं नाही. ते सांगणं सोपं आहे, शिवाय कुणी ऐकत नाही. दिवसाउजेडी जेवून सहाचा शो गाठणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. व्रतही मोडायचं नाही आणि सिनेमाही चुकवायचा नाही. मला विचारायचं आहे ते निराळंच. आपली पसंती आपण देतो, की ती आपल्याकडून काढून घेतली जाते? कारण पटकथा लिहिणं ही मुळात प्रेक्षकाच्या मनात एक इच्छा पेरून ती पुरी होईपर्यंत त्याला खुर्चीत बसवून ठेवण्याची कला आहे.

'शोले' घ्या. 15 ऑगस्ट 1975 ला आला, दिग्दर्शक रमेश सिप्पी, लेखन सलीम-जावेद. ठाकूरच्या खांद्यावर कायम शाल असते, तिचं कारण आपल्याला सांगितलेलं नसतं. मग त्याची कहाणी येते. आधी भरलेलं, हसतं घर. मग ते घर संपतं. लहान नातवावर गब्बर बंदूक रोखतो, पण पोर पडताना दाखवत नाहीत. ते आपण आपल्या मनात पाडतो. त्यानंतर ठाकूरचे हात जातात, आणि कहाणी संपल्यावर वाऱ्याने शाल उडते तेव्हा रिकाम्या बाह्या दिसतात. क्रम बघा. शाल आधी उडाली असती तर आपल्याला दया आली असती. शेवटी उडाल्यामुळे क्रोध येतो. एवढाच फरक, आणि तो फरक करणं हीच लेखकाची कमाई. आता तो 108 चा हिशेब इथे लावून पाहा. ठाकूरने मनाशी धरलं तो संरंभ, जय-वीरूला शोधून आणलं, बुटाला खिळे मारले तो समारंभ, शेवटची मारामारी हा आरंभ. सूडाच्या सिनेमाचे तीन टप्पे शास्त्रात आधीच लिहून ठेवले आहेत. प्रेक्षकाचा मणी तेवढा वेगळा.

याच सिनेमात एक बारीक प्रसंग आहे. इमामसाहेबांचा मुलगा अहमद गब्बरच्या हाती सापडतो. ते काम आपल्या सचिन पिळगावकरांनी केलंय. पोराला मारलेलं आपण बघत नाही. गब्बर आडवा पडलाय, हातावर मुंगी चढते, तो ती मारतो. पुढच्या दृश्यात घोडा मुलाचं प्रेत घेऊन गावात येतो. लेखन-दिग्दर्शन शिकवणारे या जागेचं कौतुक करतात ते खरंच आहे, इतक्या थोडक्यात इतकं सांगणं अवघड. पण आपल्या घरात वाढलेल्या बाईला तिथे आणखी एक दिसतं. मुंगी त्रींद्रिय जीव. तिला स्पर्श, रस, गंध कळतो. पडद्यावर एका माणसाचं मरण सांगण्यासाठी तिचं मरण खुणेसारखं वापरलं, आणि खूण कळताच मुंगी कुणाच्याच ध्यानात राहिली नाही. थिएटरात सगळे अहमदसाठी हळहळतात. ही तक्रार नाही. गब्बर कोण आहे हे त्या मुंगीइतकं दुसऱ्या कशाने कळलं नसतं, कारण त्याच्या लेखी मुंगी आणि मुलगा एकच. आपल्याही लेखी ते एकच आहेत, पण अगदी उलट अर्थाने, आणि हे सुचल्यावर मला तो प्रसंग सुखाने बघता येत नाही.

आता शेवट. मूळ शेवटात ठाकूर गब्बरला खिळ्यांच्या बुटांनी तुडवून मारतो. तेव्हा आणीबाणी होती. माजी पोलीस अधिकारी कायदा हातात घेतो, हे सेन्सॉरला चाललं नाही. मग नवा शेवट चित्रित झाला: ऐन वेळी पोलीस येतात, ठाकूर थांबतो, गब्बरला त्यांच्या हवाली करतो. लाखो लोकांनी हाच शेवट पाहिला. मूळ शेवटासह सिनेमा 2025 साली इटलीतल्या बोलोन्या शहरातल्या महोत्सवात दाखवला, पन्नास वर्षांनी.

वरवर पाहता सेन्सॉरने अहिंसेचं काम केलं. एक हत्या कमी झाली. मला तसं वाटत नाही. पोलीस येईपर्यंत आपण गब्बरला मनात मारून मोकळे झालेलो असतो. पडद्यावरची द्रव्यहिंसा तेवढी वगळली, प्रेक्षकातली भावहिंसा जिथल्या तिथे राहिली, उलट अतृप्त राहिली. आणि मूळ शेवटात एक गोष्ट होती ती यात हरवली. गब्बर मेल्यावर ठाकूर रडतो. इतकी वर्षं ज्याच्यासाठी जगला ते झालं, आणि हाती काही आलं नाही. हात तर नाहीतच. ते रडणं बघणाऱ्या प्रेक्षकाला आपल्या टाळीचं काय करावं ते क्षणभर सुचत नसेल. म्हणजे रक्ताचा शेवट कदाचित कमी पापाचा होता. प्रवचनात हे बोलले तर आमच्यातल्या वडीलधाऱ्या अक्का नाक मुरडतील, मुरडोत.

त्याच वर्षी, त्याच जोडीचा 'दीवार' आला. तिथे तर आईच धाकट्या मुलाच्या हातात पिस्तूल देते, आशीर्वाद देते, आणि मग थोरल्याची वाट बघायला देवळात जाते. निरूपा रॉयला त्या प्रसंगात बघून डोळे पुसले नाहीत अशी बाई मला माहीत नाही. पण आपल्या हिशेबात तो 'कारित'. शस्त्र देण्याला शास्त्रात वेगळं नावच आहे, हिंसादान. ती मुलाला मारायला लावते, कारण ती न्यायाच्या बाजूची आहे. चंद्रमतीसुद्धा मुलाचं भलंच चिंतत होती. या दोन आयांना शेजारी बसवून एकदा बोलायला हवं, असं मला फार दिवसांपासून वाटतं. आपण बायका स्वतःच्या हाताने कुणाला मारत नाही याचा आपल्याला थोडा ताठा असतो. पण घरात कुणाचा राग कुणावर सोडायचा, कुणाच्या कानात काय सांगून त्याला पुढे करायचं, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही.

आता कुणी म्हणेल, एवढं बारीक कशाला कातता? मनात काय येईल त्यावर कुणाचा ताबा? पण दशलक्षण पर्वात आपण काय करतो? घरात कुणी दहा दिवसांचे उपवास केले तर आपण तिच्या पारण्याला जातो, तिच्या तपाची अनुमोदना करतो, आणि त्यात आपल्यालाही पुण्याचा वाटा मिळतो असं मानतो. आपण जेवून-खाऊन. ती जमा धरायची आणि गब्बरच्या वेळची नावे टाकायची नाही, हे कुठल्या दुकानात चालतं?

जमेच्या बाजूचाही सिनेमा आहे. 1957 चा 'दो आँखें बारह हाथ'. शांतारामबापू कोल्हापूरचे, वडील जैन. तेवढ्यावरून आपल्याकडे त्यांच्याविषयी जरा जास्तच आपलेपणा. कथा गदिमांची, आणि तिच्यामागे औंध संस्थानातल्या स्वतंत्रपूरच्या मोकळ्या तुरुंगाचा खरा प्रयोग. सहा खुनी कैदी आणि त्यांना माणसात आणणारा जेलर. जेलरचं नाव आदिनाथ! बाजारात भाजी स्वस्त विकतात म्हणून व्यापाऱ्याची माणसं या सहाजणांना झोडपतात. हे सहा कोण, तर ज्यांनी माणसं मारलीत ते. एका फटक्यात चौघांना लोळवतील. आणि ते हात उचलत नाहीत, शब्द दिलाय म्हणून. एरवी अशा जागी प्रेक्षक 'मार, मार' म्हणतो. इथे आपण धास्तावून बसतो की याने हात उचलला तर? उचलू नकोस रे बाबा, असं म्हणत. पटकथेची कला तीच, इच्छा पेरण्याचीच. पेरलेलं बी दुसरं. म्हणूनच 'लोकांना मारामारीच लागते' हे निर्मात्यांचं म्हणणं मला पटत नाही. लोकांना काहीतरी व्हावंसं वाटायला लागतं. काय व्हावंसं वाटावं हे लिहिणाऱ्याच्या हातात असतं.

आणि तिसरीही एक वाट आहे, 'बंदिनी'ची. बिमल रॉय, 1963. नूतनची कल्याणी दवाखान्यात ज्या चिडखोर बाईची सेवा करते ती आपल्या प्रियकराची बायको आहे, हे तिला कळतं, त्यात वडील गेल्याची बातमी येते, आणि ती त्या बाईच्या चहात विष घालते. खून दिसत नाही. दिसतो नूतनचा चेहरा, त्यावर ठिणग्यांचा उजेड पडतो-विझतो, लोखंडावर घणाचे आवाज. टाळी नाही, शिट्टी नाही, धिक्कारही नाही. क्रोध हा कषाय माणसात कसा चढतो, हे तिथे एखाद्या सूत्रावरच्या टीकेपेक्षा जास्त स्पष्ट दिसतं. बघताना आपण तिच्या बाजूचे होतो आणि तरी तिला 'बरं केलंस' म्हणू शकत नाही. तिथे माझ्या मते मणी ओढलाच जात नाही. अनुमोदनेशिवाय कळणं, एवढं एखाद्या सिनेमाने करावं हे थोडं नाही.

आमच्या नात्यातली एक मुलगी पुण्याला पटकथा शिकते. तिच्यापुढे हे सगळं मांडलं, तर ती म्हणाली, "मावशी, बरोबर आहे तुझं, पण 'दो आँखें'च्या शेवटी बापू बैलाशी झुंजतातच ना?" झुंजतात. व्यापाऱ्याने सोडलेला बैल, आणि त्यातच आदिनाथ जातो. त्या चित्रीकरणात शांतारामबापूंच्या डोळ्यांना खरी इजा झाली, दृष्टी जाते की काय अशी वेळ आली. हे सगळ्यांना ठाऊक आहे, प्रत्येक लेखात येतं. त्या बैलाचं काय झालं ते एकाही लेखात मी वाचलेलं नाही. हल्ली सिनेमात जनावर घ्यायचं तर प्राणी कल्याण मंडळाची परवानगी लागते आणि सुरुवातीला तशी पाटी झळकते. ती मुलगी आता पाटी वाचून झाल्यावरच पॉपकॉर्नचा पुडा फोडते, आणि मुंग्यांचा उल्लेख त्यात असतो का, असं मला फोन करून विचारते.