पृथ्वीवरची दुसरी नळी

मुलांच्या चौकसपणाविषयी आपण सर्वच कौतुकाने बोलतो. परंतु प्रश्न विचारणाऱ्या मुलाशी आपण वागतो कसे, याची तपासणी क्वचितच करतो. वडीलधाऱ्यांचे तीन मार्ग साधारणतः ठरलेले असतात. उत्तर ठाऊक असेल तर ते ताबडतोब सांगून टाकावयाचे. ठाऊक नसेल तर ‘मोठा झालास की कळेल’ म्हणून वेळ मारून न्यावयाची. आणि घरी पाहुणे बसलेले असतील तर सर्वांदेखत मुलाची पाठ थोपटून प्रश्न तसाच सोडून द्यावयाचा. तिन्ही मार्गांनी मूल गप्प बसते आणि प्रश्न त्याच्या हातून निघून जातो. चौथाही एक मार्ग आहे. ‘याचे उत्तर मलाही ठाऊक नाही, ते कसे शोधावयाचे हे तू ठरव, आणि शोध’, असे मुलास सांगण्याचा. हा मार्ग दिसावयास उदार, परंतु आचरावयास कठीण आहे; कारण खऱ्या प्रश्नाच्या पाठोपाठ खरे अपयशही मुलाच्या वाट्याला येऊ शकते. दहा वर्षांच्या मुलावर असे ओझे टाकण्याचा आपणांस अधिकार आहे काय? की ते ओझे कायम आपल्याच खांद्यावर ठेवणे हा त्याच्यावरचा अन्याय आहे?

हा केवळ तत्त्वचर्चेचा विषय राहिलेला नाही. अमेरिकेतील ‘नॅशनल सेंटर फॉर अर्थ अँड स्पेस सायन्स एज्युकेशन’ या संस्थेने २०१० साली विद्यार्थ्यांच्या अंतराळप्रयोगांचा एक उपक्रम जाहीर केला. पाचव्या इयत्तेतील मुलांनाही त्यात प्रवेश होता. मे २०११ मध्ये ‘एन्डेव्हर’ यानातून पहिले प्रयोग गेले, त्याच वर्षी जुलै महिन्यात ‘अटलांटिस’च्या अखेरच्या फेरीतून दुसरे गेले, आणि पुढे असे प्रयोग आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकावर जाऊ लागले. स्थानकावर जाणारे उपकरण इतके साधे की पाहणाऱ्याची निराशाच व्हावी. सिलिकोनची एक लवचिक नळी, दोन्ही तोंडे बंद केलेली. तिला चिमटे लावून दोन किंवा तीन कप्पे पाडलेले. एका कप्प्यात बी, दुसऱ्यात पाणी, तिसऱ्यात वाढ थांबविणारे एखादे द्रव्य. ठरलेल्या दिवशी अंतराळवीराने एक चिमटा काढावयाचा, नळी हळूच हलवावयाची आणि परतीच्या आधी दुसरा चिमटा काढावयाचा. बाकी सर्व काही मुलांनी आधीच विचार करून ठेवलेले असले पाहिजे. नळीत काय घालावयाचे, किती घालावयाचे, चिमटा कोणत्या दिवशी काढावयाचा, हे सारे आधी लेखी प्रस्तावात मांडावे लागते.

विचार कशाचा करावयाचा, हे येथे थोडे सांगितले पाहिजे. स्थानक पृथ्वीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर फिरते. तेथे गुरुत्वाकर्षण नसते अशी एक समजूत आहे. वस्तुतः ते जमिनीवरच्यापेक्षा सुमारे एकदशांशानेच कमी असते. परंतु स्थानक आणि त्यातील माणसे पृथ्वीभोवती अखंड पडतच असल्यामुळे वजनाचा अनुभव नाहीसा होतो. तापलेले पाणी वर चढत नाही, गढूळ पाण्यातील गाळ खाली बसत नाही, मेणबत्तीची ज्योत टोकदार न राहता गोलसर होते. प्रयोगशाळेत आपण उजेड बंद करू शकतो, पाणी तोडू शकतो, उष्णता कमीजास्त करू शकतो. गुरुत्वाकर्षणाचा परिणाम काही क्षणांपलीकडे थांबवून ठेवण्याची कळ मात्र पृथ्वीवर कोणापाशीच नाही. म्हणून मुलाने विचारावयाचा प्रश्न असा असतो : या एका गोष्टीवाचून जगातील कोणते काम वेगळे होईल? मुळाच्या टोकाशी असलेल्या पेशींत पिष्टाचे कण खाली बसतात आणि त्यांवरून मुळास खालची दिशा कळते, असे वनस्पतिशास्त्र सांगते. कण खाली बसलेच नाहीत तर मूळ कोठे जाईल? असा प्रश्न सुचण्यास पदवीची आवश्यकता नाही. एकदा मूग भिजत घालून त्यांकडे नीट पाहिलेले असले म्हणजे पुरते.

या उपक्रमातील ज्या गोष्टीने मला विशेष विचारात पाडले, ती अंतराळात जाणारी नळी नव्हे. ती आहे तिची पृथ्वीवरची जोडनळी. वर गेलेल्या नळीसारखीच दुसरी नळी मुले आपल्या शाळेत ठेवतात. तेच बी, तेच पाणी. आणि वर ज्या वेळी चिमटा काढावयाचा, त्याच वेळी येथेही. वरची नळी परत आली की दोन्ही शेजारी ठेवून पाहावयाचे. तेवढ्यानेही काम संपत नाही. वर गेलेल्या नळीने अग्निबाणाचे हादरे सोसलेले असतात, तिच्यावर वेगळे किरण पडलेले असतात, प्रवासात तिचे तापमान बदललेले असू शकते. तेव्हा दिसलेला फरक गुरुत्वाकर्षणाचाच, असे म्हणण्यापूर्वी मुलास दहा वेळा थांबावे लागते.

हे थांबणे मला शास्त्राइतकेच नीतीचे वाटते. आपल्याला जे हवे आहे ते आणि जे आहे ते यांत अंतर ठेवण्याची सवय म्हणजे दुसरी नळी. आपल्याकडील शाळांतून प्रयोगवही बहुधा कशी भरली जाते, हे वाचकांस सांगावयास नको. उत्तर पुस्तकात छापलेले असते, आणि निरीक्षणे त्या उत्तराला जुळतील अशी मागाहून बसविली जातात. त्यात कोणी चोरी करीत आहे असे कोणासही वाटत नाही. उलट वही स्वच्छ असेल तर गुण मिळतात. परंतु ज्या प्रयोगाचे उत्तर आधीच ठरलेले आहे, त्यात मुलाने खरे बोलण्यास जागाच कोठे उरते? खोटे बोलण्याचा पहिला शिष्टसंमत पाठ आपण ज्ञानाच्या नावाने देतो, आणि पुढे त्याच मुलाने मोठेपणी कागदावरचे आकडे जुळवून दाखविले म्हणजे आश्चर्य करतो.

प्रश्नोपनिषदात या संदर्भात मननीय असे दोन प्रसंग आहेत. सहा जिज्ञासू पिप्पलाद ऋषींकडे येतात. ऋषी त्यांना वर्षभर राहावयास सांगतात आणि मग विचारा म्हणतात; पण उत्तर देण्याचे वचन देताना, आपणास ठाऊक असेल तर, अशी अट स्वतःवरच घालून घेतात. त्याच उपनिषदाच्या अखेरीस सुकेशा सांगतो की, कोसल देशाच्या राजपुत्राने आपल्याला एक प्रश्न विचारला होता आणि आपण त्यास ‘मला ठाऊक नाही’ असे स्पष्ट सांगितले. कारण असत्य बोलणारा समूळ सुकून जातो. तो राजपुत्र निमूटपणे रथात बसून निघून गेला, आणि सुकेशा तोच प्रश्न मनात घेऊन ऋषींकडे आला. न जाणणे हे येथे लाजेचे कारण झाले नाही. ते पुढील शोधाचे कारण झाले. ‘ठाऊक नाही’ हे वाक्य आपल्या वर्गांतून हद्दपार झाले आहे. शिक्षक ते उच्चारण्यास भितो आणि विद्यार्थ्याने उच्चारले तर त्यास उभे केले जाते.

यावर पहिला आक्षेप असा येईल की, हे सारे मुलांच्या नावाने चाललेले मोठ्यांचे नाटक आहे. अग्निबाण मोठ्यांचा, पैसा मोठ्यांचा, आणि मुलांना नवीन असे काय सापडणार? आक्षेपात तथ्याचा अंश आहे. शिक्षकाने प्रश्न सुचवावा, पालकाने प्रस्ताव लिहावा आणि मुलाने छायाचित्रात नळी धरून उभे राहावे, असे कोठेही घडू शकते; आणि तसे घडले तर ती फसवणूकच. परंतु मुलांकडून नवीन काही होतच नाही, हे खरे नाही. अंतराळाशी संबंध नसलेले, पण याच वयाचे एक उदाहरण देतो. इंग्लंडातील डेव्हन परगण्यात ब्लॅकॉटन येथील प्राथमिक शाळेच्या आठ ते दहा वर्षांच्या २५ मुलांनी भुंग्यांच्या जातीच्या मधमाश्यांवर प्रयोग रचले. फुलातील मधाची जागा ओळखण्यासाठी त्या माश्या रंगांची मांडणी कशी वापरतात, हे त्यांना पाहावयाचे होते. त्यांचा निबंध २०१० च्या डिसेंबरात रॉयल सोसायटीच्या ‘बायॉलॉजी लेटर्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यातील आकृत्या मुलांनी रंगीत पेन्सिलींनी काढलेल्या होत्या. मोठी माणसे जवळ होती. पण माशीला काय विचारावयाचे, हे मुलांनी ठरविले होते.

दुसरा आक्षेप निवडीचा, आणि तो माझ्या व्यवसायाजवळचा आहे. मी पोटापाण्यासाठी केंद्र सरकारच्या कचेरीत कारकुनी करतो. प्रस्ताव येणे, त्यांवर टिपणी होणे आणि अखेरीस एखाद्याच फाइलीवर ‘मंजूर’ असा शेरा पडणे, ही आमच्या मेजावरची नित्याची घटना आहे. नामंजूर कागदाचे काय होते, हेही मी पाहतो. तो दप्तरात बांधला जातो आणि कालांतराने लिहिणाऱ्यासही आठवत नाही. वरील उपक्रमातही गावोगावची मुले प्रस्ताव लिहितात, स्थानिक समिती त्यांतून तीन निवडते, आणि त्या तिघांतून एक अंतराळात जातो. बाकीच्या मुलांनी काय करावे? मला वाटते, नकाराची जखम नकाराने होत नाही. कारण न सांगितल्याने होते. ‘तुझ्या प्रश्नात गुरुत्वाकर्षणाचा संबंध नाही’ किंवा ‘तुझी दुसरी नळी पहिलीसारखी नाही’, एवढे जर मुलास सांगितले, तर त्याचा प्रस्ताव दप्तरात न जाता त्याच्या डोक्यात राहतो.

शिवाय निवडीवाचूनही हे करता येते. ‘चॅलेंजर’ यानाने एप्रिल १९८४ मध्ये एक मोठा उपग्रह अंतराळात सोडला. त्यात टोमॅटोचे सुमारे सव्वा कोटी बी ठेवले होते. वर्षभरात ते परत आणावयाचे ठरले होते, पण १९८६ च्या जानेवारीत ‘चॅलेंजर’चा अपघात होऊन सात जणांचा बळी गेला आणि उड्डाणे थांबली. अखेर जानेवारी १९९० मध्ये ‘कोलंबिया’ने तो उपग्रह परत आणला, आणि ते बी, पृथ्वीवरच राहिलेल्या बियांच्या जोडीने, शाळाशाळांतून वाटले गेले. लक्षावधी मुलांनी दोन्ही पेरले आणि मोजले. मोठा फरक आढळला नाही. ‘फरक नाही’ हेही उत्तरच असते, हा धडा इतक्या मुलांस एकाच वेळी क्वचितच मिळाला असेल.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे : हानीचा. २८ ऑक्टोबर २०१४ रोजी व्हर्जिनियातील वॉलॉप्स बेटावरून सुटलेला अग्निबाण काही सेकंदांतच कोसळला. त्यात या उपक्रमातील १८ प्रयोग होते. महिनोन्‌महिने केलेले काम मुलांच्या डोळ्यांदेखत जळाले. आपल्याकडेही ७ ऑगस्ट २०२२ रोजी, देशभरातील सरकारी शाळांतील ७५० मुलींच्या सहभागाने तयार झालेला ‘आझादीसॅट’ हा उपग्रह अग्निबाणातील बिघाडामुळे योग्य कक्षेत पोहोचू शकला नाही. त्या मुली वयाने थोड्या मोठ्या होत्या; दुःख तेच. अशा वेळी मुलांस काय सांगावे? ‘काही झाले नाही’ हे खोटे आहे, आणि ‘यातच खरे यश आहे’ हे त्याहून खोटे आहे. काम वाया गेले, याचे वाईट वाटणे योग्यच आहे. मात्र जळाली ती नळी. प्रश्न कागदावर होता आणि दुसरी नळी शाळेत होती. त्या १८ प्रयोगांपैकी बहुतेक प्रयोग मुलांनी पुन्हा सिद्ध केले आणि जानेवारी १९१५ नव्हे, तर त्याच हिवाळ्यात, म्हणजे जानेवारी २०१५ मध्येच, ते वर गेले. ‘आझादीसॅट’चा दुसरा उपग्रह १० फेब्रुवारी २०२३ रोजी कक्षेत पोहोचला. परंतु ते पोहोचले नसते तरीही माझे मत बदलले नसते. ज्याची काळजी वाटावी असे काही मुलाच्या हाती देणे म्हणजेच ते गमावण्याची शक्यता देणे होय. घरात मांजराचे पिल्लू आणतानाही आपण हेच करतो.

राहिला खर्चाचा प्रश्न. ज्या देशात अनेक शाळांना साधी प्रयोगशाळा नाही, तेथे अंतराळाच्या गोष्टी कशास, असे कोणी विचारील, आणि ते विचारणे रास्त आहे. परंतु प्रयोगाचा अर्धा भाग, आणि माझ्या मते अधिक मोलाचा, पृथ्वीवरच घडतो हे विसरून चालणार नाही. टॉमस अँड्र्यू नाइट या इंग्रज बागायतदाराने १८०६ साली, अग्निबाणाचे स्वप्नही नसताना, ओढ्याच्या पाण्याने फिरणाऱ्या चाकावर बिया बांधून रुजविल्या. चाकाच्या वेगाने त्या बियांस ‘खाली’ कोठे हेच कळेनासे केले. आणि मुळे चाकाच्या बाहेरच्या बाजूस वाढली, कोंब आतल्या बाजूस. जून २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला हे भारतीय अंतराळवीर स्थानकावर गेले, तेव्हा धारवाडच्या शास्त्रज्ञांनी आखलेल्या प्रयोगासाठी त्यांनी मूग आणि मेथीच रुजविली. नाइटचा ओढा आणि शुक्लांचे स्थानक यांत दोनशे वर्षांचे अंतर आहे. मुळाला विचारलेला प्रश्न एकाच कुळातला आहे.

तेव्हा अधिकाराचा जो प्रश्न आरंभी उपस्थित केला, त्याचे माझे उत्तर असे : मुलास खरा प्रश्न देण्याचा अधिकार आपणांस आहे, मात्र दोन अटींवर. उत्तर आपण लपवून ठेवलेले नसावे. आणि ते काहीही आले तरी मुलाने ते जसेच्या तसे लिहावे, यासाठी आपण त्याच्या पाठीशी उभे राहावे. या दोन अटी पाळण्यास अग्निबाण लागत नाही. ओल्या फडक्यातील मूठभर मूग, त्यांतील अर्धे उभ्या काचेवर आणि अर्धे आडव्या. आधी लिहून ठेवलेला अंदाज. आणि तो चुकला तर वही परत न लिहावयास लावणारा एक मोठा माणूस, एवढ्यावर कोणत्याही घरात आरंभ करता येईल. यांपैकी मूग सर्वत्र मिळतात.