खोड सांगून विकणे

बैलबाजारात एक जुनी रीत आहे. विकणारा आणि घेणारा एका रुमालाखाली हात घालतात, बोटांनी बोटे दाबतात आणि भोवताली उभ्या असलेल्या दहा जणांना आकडा कळू न देता सौदा ठरवतात. किंमत झाकलेली, बैल मात्र उघडा. घेणारा त्याचे दात पाहतो, खूर पाहतो, चार पावले चालवून बघतो. युरोप-अमेरिकेत हौशी संग्राहकांसाठी जुन्या स्पोर्ट्‌स मोटारींचा जो बाजार भरतो, त्यात नेमके उलटे घडते. तेथे आकडा वर्तमानपत्रांत झळकतो आणि खोड चकचकीत रंगाखाली झाकलेली राहते.

अशी मोटार विकायची असेल तर जाहिरात कशी लिहावी आणि किंमत काय सांगावी? प्रश्न दलालाचा वाटतो. थोडा विचार केला की तो नीतिशास्त्राच्या अंगणात येऊन उभा राहतो.

साधी जुनी मोटार घेणारा तिचा उपयोग विकत घेतो. ती कचेरीत नेईल, पावसात भिजू देणार नाही, एवढ्यावर तिचे मोल ठरते. संग्रहाच्या मोटारीचे तसे नाही. 1961 च्या मार्चमध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात जॅग्वारची ई-टाइप प्रथम लोकांपुढे आली, तेव्हा इंग्लंडात तिची किंमत दोन हजार पौंडांच्या आसपास होती. त्या पहिल्या खेपेतील सपाट तळाची गाडी आज घेणारा काही तिच्यातून भाजी आणायला जाणार नाही. फेरारीच्या 250 जीटीओ या गाड्या 1962 ते 1964 या काळात अवघ्या 36 बनल्या. त्यांतली एक 2018 च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे येथील लिलावात 4 कोटी 84 लाख डॉलरांना गेली. एवढे पैसे लोखंड-ॲल्युमिनियमचे नव्हेत. ते दुर्मिळतेचे आहेत, इतिहासाचे आहेत आणि हा इतिहास खरा आहे या खात्रीचे आहेत.

म्हणजे येथे जाहिरातीतले शब्द मालाचे केवळ वर्णन करीत नाहीत. ते मालाचाच भाग असतात. ‘पहिल्यापासून हेच इंजिन’ हे तीन शब्द खरे असतील तर गाडीची किंमत एक. खोटे असतील तर तीच गाडी, तसाच आवाज, तोच वेग, आणि किंमत निराळी. बदललेले इंजिन कदाचित अधिक चांगले चालेल. पण सांगाड्यावरचा क्रमांक आणि इंजिनावरचा क्रमांक कारखान्याच्या नोंदवहीशी जुळतो की नाही, यावर संग्राहकाचा जीव. अशा बाजारात शब्दांत केलेली भेसळ ही दुधात पाणी घालण्यासारखीच आहे.

पण ‘मूळ’ हा शब्द वाटतो तितका सरळ नाही. बेंटले कंपनीची ‘ओल्ड नंबर वन’ नावाची शर्यतीची गाडी 1929 आणि 1930 अशी लागोपाठ दोन वर्षे ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली. पुढे तिला मोठे इंजिन बसले, सांगाडा बदलला. 1932 मध्ये ब्रुकलंड्‌सच्या शर्यतीत ती उतरत्या कडेवरून बाहेर फेकली गेली आणि चालक क्लाइव्ह डन्फी ठार झाला. नंतर ती पुन्हा बांधली गेली, अंगावर नवे कवच चढले. अनेक वर्षांनी मालकाने ती एक कोटी पौंडांना विकण्याचा करार केला आणि घेणारा मागे फिरला. त्याचे म्हणणे, ही ती गाडीच नव्हे! 1990 मध्ये इंग्लंडच्या न्यायालयात न्यायमूर्ती ऑटन यांच्यापुढे हा वाद चालला. ल मान्सला धावलेल्या गाडीचे गिअरबॉक्सच्या कवचासारखे मोजकेच भाग उरले होते. तरीही निकाल विकणाऱ्याच्या बाजूने लागला. गाडी जसजशी बदलत गेली तसतशी ती तीच गाडी म्हणून अखंड नांदत आली होती; मध्ये कोठे तिचे आयुष्य तुटून दुसरे सुरू झाले नव्हते. तिला ‘मूळ’ म्हणता येणार नाही, पण ती ‘अस्सल’ आहे, असा त्या निकालाचा मथितार्थ.

नागसेन भिक्षूने मिलिंद राजाला हेच विचारले होते. रथ म्हणजे चाके काय? आस काय? दांडी काय? यांतले काहीच रथ नव्हे आणि यांच्याबाहेरही रथ नाही; रथ हे केवळ व्यवहाराचे नाव. राजा निरुत्तर झाला. मात्र नागसेनाला रथ विकायचा नव्हता, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. विकणाऱ्याला नाव देऊन भागत नाही. चाके कोणत्या साली बदलली, आस कोणाकडून दुरुस्त करून घेतली, हे त्याला सांगावे लागते. ‘अस्सल’ या एका शब्दावर निजण्यापेक्षा सगळा जीवनक्रम लिहून टाकावा आणि विशेषण घेणाऱ्यावर सोडावे, हे मला अधिक प्रामाणिक वाटते.

आपल्याकडच्या वधूवरांच्या जाहिराती वाचून आपण या कलेत पारंगत झालेलो आहोतच. ‘गव्हाळ’, ‘घरंदाज’, ‘गृहकृत्यदक्ष’ या शब्दांत काय सांगितले आणि काय झाकले, हे प्रत्येक आत्याबाईला कळते. मोटारींच्या जाहिरातींतही असे शब्द आहेत. ‘गंजरहित’ म्हणजे पुष्कळदा ‘मी खाली वाकून पाहिले नाही’. ‘फक्त चाळीस हजार मैल’ म्हणावे, तर अनेक जुन्या गाड्यांच्या मैलदर्शकात पाचच आकडे असतात. लाख मैल झाले की तो पुन्हा शून्यावर येतो आणि नव्या नवरीसारखा निरागस दिसू लागतो. दुरुस्तीच्या पावत्या हाती असतील तर आकडा खात्रीने सांगावा. नसतील तर ‘मैलदर्शक असे दाखवतो’ एवढेच लिहावे. छायाचित्र दरवाजाच्या खालच्या कडेचेही द्यावे, गंज तेथेच बसतो. आणि धूळसुद्धा निष्पाप नसते! 2015 मध्ये पॅरिसला एका कुटुंबाच्या शेडांत कित्येक दशके पडून राहिलेल्या गाड्यांचा लिलाव झाला, तेव्हा मासिकांच्या ढिगाखाली सापडलेली एक फेरारी दीड कोटी युरोंहून अधिक किमतीला गेली. तेव्हापासून गाडी धुवावी की न धुता विकावी, याचाही हिशेब करण्याचा मोह कोणाला झाला नसेल तर नवल.

पण खरा पेच खोटे बोलण्याचा नाही. तो गप्प बसण्याचा आहे.

सिसेरोने इ. स. पू. 44 मध्ये आपल्या मुलासाठी कर्तव्यांवर जो ग्रंथ लिहिला, त्यात हा पेच आहे. ऱ्होड्‌स बेटावर दुष्काळ; अलेक्झांड्रियाचा एक व्यापारी धान्याचे जहाज घेऊन येतो. मागून आणखी जहाजे येत आहेत, हे त्याने वाटेत पाहिले आहे. त्याने ते सांगावे की चढ्या भावाने धान्य विकून मोकळे व्हावे? डायोजिनीस म्हणतो, कायदा सांगायला लावील तेवढे दोष सांगावेत. खोटे बोलू नये. बाकी न सांगणे म्हणजे लपवणे नव्हे. त्याचाच शिष्य अँटिपेटर म्हणतो, विकणाऱ्याला ठाऊक ते सर्व घेणाऱ्याला ठाऊक झाले पाहिजे. त्यावर डायोजिनीसच्या बाजूने थट्टा येते, की मग दवंडीवाल्याने ‘रोगट घर विकणे आहे’ अशी हाळी घालावी काय? सिसेरो अँटिपेटरकडे झुकतो. मीही झुकतो, पण थट्टेला उत्तर देणे भाग आहे.

उत्तराचा एक भाग व्यवहारातच आहे. 1970 मध्ये जॉर्ज ॲकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. 2001 मध्ये त्याला नोबेल मिळाले त्यात या विचाराचा मोठा वाटा. घेणाऱ्याला चांगली गाडी आणि वाईट गाडी ओळखता येत नसेल, तर तो दोहोंसाठी मधली किंमत देऊ करतो; मग चांगल्या गाडीचा मालक बाजारातून उठून जातो आणि मागे उरतात ती ‘लिंबे’. (आपण नव्या गाडीला लिंबू-मिरची बांधतो, अमेरिकन माणूस बिघडक्या गाडीलाच लिंबू म्हणतो.) तेव्हा ‘रोगट घर’ अशी हाळी घालणाऱ्याचे त्या घरात नुकसान होईल, पण त्याचे पुढचे घर लोक डोळे झाकून घेतील. हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही, कारण संग्राहक बहुधा एकच गाडी एकदाच विकतो. त्याला पुढचे घर नाही. त्याने खोड सांगायची ती दुसरा माणूस रात्री शंभर मैलांच्या वेगाने त्या गाडीत बसणार आहे म्हणून. सांगाड्याला वेल्डिंगचा सांधा आहे हे ज्याला ठाऊक आहे, त्याचे मौन आणि धान्याच्या व्यापाऱ्याचे मौन यांच्या वजनात फरक आहे.

किमतीचे मी थोडक्यात आटोपतो. लिलावाच्या बातमीतला आकडा जसाच्या तसा आपल्या गाडीला लावणे हे स्वतःला फसवणे आहे. मॉन्टेरेच्या त्या फेरारीवर हातोडा पडला तो 4 कोटी 40 लाखांवर. वरचे पैसे लिलावगृहाने घेणाऱ्याकडून घेतलेली दस्तुरी. भावपुस्तकांत गाड्यांच्या अवस्थेच्या चार पायऱ्या असतात आणि प्रत्येक मालकाची गाडी त्याच्या मते पहिल्या पायरीवर उभी असते. डागडुजीला लागलेला खर्चही किंमत नव्हे. आपण हौस केली, तिचे ऋण घेणाऱ्यावर नाही. मात्र ‘किंमत विचारावी’ असे छापणे मला आवडत नाही. त्याचा अर्थ एवढाच, की आधी तुमचे बूट पाहीन आणि मग आकडा सांगेन.

आणि विकणाऱ्यालाच ठाऊक नसेल तर? नवऱ्याच्या पश्चात शेडमधली ‘ती जुनी लाल गाडी’ काढून टाकू पाहणारी एखादी वृद्धा लहानशी जाहिरात देते. येणाऱ्याला सांगाड्याचा क्रमांक वाचताच सारे कळते. ती मागते त्याच्या वीसपट मोल समोर उभे आहे. येथे मौन घेणाऱ्याचे. सिसेरोने याचेही उदाहरण दिले आहे. क्विंटस स्केव्होला एक जमीन घ्यायला गेला आणि म्हणाला, एकदाच काय ती किंमत सांगा. मालकाने सांगितली. स्केव्होला म्हणाला, माझ्या मते ती याहून अधिक मोलाची आहे. आणि त्याने एक लाख सेस्टर्स वर घालून दिले. हे भल्या माणसाचे वागणे झाले, असे सगळे कबूल करीत. शहाण्याचे झाले, असे म्हणायला मात्र तयार नसत. सिसेरोला ही वाटणीच घातक वाटली. त्या वृद्धेच्या शेडमध्ये, हातात विजेरी धरून, क्रमांक वाचून सरळ उभ्या राहिलेल्या माणसाला अजून एक वाक्य बोलायचे आहे, आणि ती दारात चहाचा कप घेऊन वाट पाहत आहे.