पायलीतला अंगठा

आमच्या मंडळीत साक्ष द्यायला उभं राहिलं की दोन तारखा सांगायच्या असत. पहिली तारणाची, दुसरी पवित्रीकरणाची. अमुक साली माझ्या पापांची क्षमा झाली, आणि अमुक साली कॅम्प मीटिंगमध्ये, वेदीपाशी गुडघ्यावर असताना, देवाने माझं अंतःकरण शुद्ध केलं. माझ्या आबाजींना दोन्ही तारखा पाठ होत्या. आजीला पहिलीच ठाऊक होती. दुसरी तिने कधी सांगितली नाही, आणि ती बायबलबाई, म्हणजे घरोघरी जाऊन बायबल सांगणारी, असूनही कोणी तिला त्याबद्दल विचारल्याचं मला आठवत नाही.

मी वाशिमच्या रेनॉल्ड्स मेमोरिअल हॉस्पिटलात नर्सिंग शिकले. आमच्या भागात त्याला मिशन दवाखाना म्हणतात. डॉ. ऑर्फा स्पायकर यांनी १९३८ साली तो सुरू केला आणि कामाचं जवळजवळ सगळं आयुष्य तिथेच घालवलं. आम्ही नाझरीन मंडळीचे लोक, म्हणजे होलिनेस पंथाचे. ‘होलिनेस’ला आम्ही पवित्रता म्हणतो. बाकीचे ख्रिस्ती पवित्रता मानत नाहीत असं कोणीच म्हणणार नाही. आमचं वेगळेपण एवढंच की ती याच आयुष्यात, एका क्षणी, पूर्णपणे मिळू शकते अशी आमची शिकवण आहे. क्षमेने पाप माफ होतं, पण पापाचं मूळ मनात राहतं. ते उपटणारी देवाची दुसरी कृपा असते. या ‘पूर्णपणे’ आणि ‘एका क्षणी’पाशी मी आयुष्यभर अडखळत आले आहे.

ही शिकवण वऱ्हाडात पोचली ती दुरून. जॉन वेस्लीने इंग्लंडमध्ये ख्रिस्ती परिपूर्णतेवरचं आपलं छोटं पुस्तक १७६६ साली छापलं. पुढच्या शतकात अमेरिकेतल्या मेथडिस्टांमध्ये हा विषय मागे पडू लागला, तेव्हा काही लोकांनी तो पुन्हा धरला. १८६७ साली न्यू जर्सीतल्या वाइनलँडला पवित्रतेसाठी म्हणून खास कॅम्प मीटिंग भरली, आणि तशा सभांची रीतच पडली. लॉस एंजेलिसमध्ये फिनियस ब्रेसी हे मेथडिस्ट पाळक गरिबांच्या वस्तीत काम करू इच्छीत होते. त्यांच्या मेथडिस्ट मंडळीने त्या कामावर त्यांची नेमणूक केली नाही. वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी ते बाहेर पडले आणि १८९५ साली त्यांनी नाझरीन मंडळी काढली. पूर्वेकडे न्यू इंग्लंड, न्यूयॉर्क भागात अशाच होलिनेस मंडळ्यांचा दुसरा संघ होता. हायरम रेनॉल्ड्स त्याचे पुढारी. या दोन्ही मंडळ्या १९०७ साली शिकागोत एक झाल्या, आणि १३ ऑक्टोबर १९०८ रोजी टेक्सासमधल्या पायलट पॉइंट गावी दक्षिणेकडची तिसरी मंडळी त्यांना मिळाली.

पूर्वेकडच्या त्या संघाची माणसं मात्र त्याच्या दहा वर्षं आधी, १८९८ साली, बुलढाण्याला आली होती. म्हणजे अमेरिकेत ही मंडळी पुरती उभी राहायच्या आधीच तिचं एक टोक अजिंठ्याच्या डोंगररांगेवर टेकलेलं होतं. मलकापूरला रेल्वेतून उतरायचं आणि पुढे घाट चढायचा. नुकताच एक दुष्काळ होऊन गेलेला, दुसरा दाराशी आलेला. १९०४ साली लेटन ट्रेसी आले आणि तीस वर्षं राहिले. आमच्या घरी त्यांचा उल्लेख नेहमी ‘ट्रेसीसाहेब’ असाच होई. पुढे मराठी पाळक उभे राहिले. सॅम्युएल भुजबळ हे नाव तर आजी आपल्या माणसाचं घ्यावं तसं घेई.

‘जिल्हा’ हा शब्द आमच्यात दोन अर्थांनी चालतो. एक कलेक्टरचा, दुसरा मंडळीचा. लहानपणी मला वाटे दोन्ही एकच, आणि डी.एस. साहेब, म्हणजे जिल्हा अधीक्षक, हेच बुलढाण्याचे कलेक्टर. हे पद कसं आलं तेही लक्षात ठेवण्यासारखं आहे. पश्चिमेकडचे नाझरीन मूळचे मेथडिस्ट, त्यांना वरून देखरेख करणारा माणूस हवा होता. पूर्वेकडच्यांना बिशपशाहीची धास्ती होती, त्यांच्याकडे प्रत्येक मंडळी आपल्यापुरती स्वतंत्र. शिकागोत मधला मार्ग निघाला. अधीक्षक असेल, पण उभ्या राहिलेल्या मंडळीने आपला पाळक आपण निवडावा. दोन्ही बाजूंनी थोडं थोडं सोडलं. पवित्रतेवर प्रवचन देणाऱ्या माणसांनी आपला हट्ट सोडला, ही मला त्या तहातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. आमच्याकडे आबाजींच्या काळात पगार मिशनकडून येई, त्यामुळे पाळकाची बदली वरूनच ठरे. शिकागोतला तह घाट चढून पुरता वर आला नाही.

आता आबाजींकडे येते. पाळक व्हायच्या आधी ते एका बोर्डिंगच्या कोठाराचं काम बघत. रोज ज्वारी मोजून द्यायची. पायली भरताना अंगठा आत ठेवायचा, वरून हात फिरवून सपाट करायचं. अंगठ्याएवढी ज्वारी मागे राहते. महिनाअखेर ती शेर-दोन शेर होई आणि घरी जाई. हे मला त्यांनी स्वतः सांगितलं. घरातली जुनी पितळी पायली हातात घेऊन, अंगठा आत घालून दाखवलं. काठाशी आतून पितळ तेवढ्याच जागी जास्त चकचकीत होतं. मी बोट फिरवून पाहिलं होतं.

कॅम्प मीटिंग रानात भरे. बैलगाड्या सोडलेल्या, झाडांखाली तंबू, रात्री गॅसबत्त्या. तिथे त्यांची दुसरी तारीख झाली. परत आल्यावर पहिल्या आठवड्यात त्यांनी डोक्यावर पोतं घेतलं आणि ज्वारी कोठारात नेऊन टाकली. जेवढी घेतली असेल असं वाटलं त्याच्या दुप्पट. त्यासाठी आजीच्या चांदीच्या पाटल्या विकल्या. आजी म्हणायची, “पाटल्या माह्या होत्या, पन अंगठा त्यायचा होता.” त्या पाटल्या गेल्याचं तिला कधी वाईट वाटलेलं मी पाहिलं नाही. नवऱ्याचा हात मोकळा झाला, हे तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. मन एका रात्रीत पालटू शकतं की नाही, हा प्रश्न आमच्या घरात कोणी विचारत नसे. उत्तर पायलीत होतं.

मग पुढचं झालं. पाळक झाल्यावर काही वर्षांनी असेंब्लीत, म्हणजे मंडळीच्या जिल्ह्याच्या वार्षिक सभेत, त्यांची बदली ठरली. ज्या गावी विहिरीपासून शाळेपर्यंत सगळं त्यांनी उभं केलं होतं, तिथे दुसरे एक पाळक आले. आबाजींची खात्री होती की त्या पाळकांनी डी.एस. साहेबांच्या कानाला लागून हे करवून घेतलं. खरं काय ते देव जाणे. दोघांची नावं मी सांगत नाही. आबाजी त्या माणसाशी आठ वर्षं बोलले नाहीत. एकाच बाकावर प्रभुभोजन घेतलं, पण बोलले नाहीत. आणि दर वर्षी असेंब्लीत उभं राहून आपली दुसरी तारीख सांगत राहिले.

एकदा आजी चुलीपाशी बसून म्हणाली, “तुमचं मन धुतलं म्हंता, मंग त्या मानसासंगं बोलत काऊन नाई?” आबाजी ताटावरून उठून गेले.

आमच्या शिकवणीची दुखरी जागा इथेच आहे. पूर्ण शुद्ध झालो असं एकदा सगळ्यांसमोर सांगितलं की मनातला राग कबूल करणं म्हणजे ती तारीखच खोटी ठरवणं. मग माणूस रागाला दुसरं नाव देतो. तत्त्व म्हणतो, शिस्त म्हणतो, मंडळीचं हित म्हणतो. पुढाऱ्यांची अडचण तर आणखी मोठी, कारण त्यांची तारीख सगळ्या जिल्ह्याला माहीत असते. पवित्रतेवर उत्तम बोलणारी माणसं मी एका माफीसाठी वर्षानुवर्षं अडलेली पाहिली आहेत.

वेस्ली या बाबतीत त्याच्या मागून आलेल्यांपेक्षा सावध होता. जी परिपूर्णता त्याने आयुष्यभर शिकवली, ती आपल्याला मिळाली आहे असा दावा त्याने केला नाही. अज्ञान, चूक, दुबळेपणा शेवटपर्यंत राहतात, आणि मिळालेली कृपा हरवू शकते, पुन्हा मिळूही शकते, असं तो मानत असे. क्षणाबद्दल त्याने मरणाचं उदाहरण दिलं आहे. माणूस बराच काळ मरत असतो, तरी एक क्षण असा येतो की तेव्हा तो मेला असं म्हणतात. पापाला मरणंही तसंच.

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बसले. केसपेपरवर ती वेळ मी कितीदा लिहिली आहे. पहाटे ४ वाजून १० मिनिटं. लिहावी लागते, नातेवाइकांना सांगावी लागते, आणि ती खोटी नसते. पण रात्रपाळीची नर्स जाणते की पाय परवापासून गार पडत होते. श्वासाची लय काल दुपारीच बदलली होती. ते ४ वाजून १० मिनिटं या सगळ्याच्या शेवटी येतात. उलटंही पाहिलं आहे. सगळ्यांनी आशा सोडलेला माणूस सकाळी पाणी मागतो. आबाजींच्या बाबतीत वाटतं, चोरी त्या रानात मेली, खरोखर मेली. मान मात्र जिवंत राहिला. त्याचे पाय गार पडायला आठ वर्षं लागली.

म्हणून ‘एका क्षणी’ हे शब्द मी टाकून देऊ शकत नाही. टाकले तर पायली खोटी पडेल. लोभ हा माणसाचा स्वभावच आहे, त्याला इलाज नाही, असं सुशिक्षित लोक सहज बोलून जातात तेव्हा मला राग येतो, कारण इलाज झालेला अंगठा मी पाहिला आहे. ‘पूर्णपणे’ हा शब्द मात्र मी दुसऱ्याने बोलायला ठेवते. ज्याला माझ्यासोबत राहावं लागतं, त्याने तो म्हणावा. आजीने आबाजींबद्दल तो कधीच म्हटला नाही, आणि स्वतःबद्दल म्हणायचा तर विचारही तिला शिवला नसेल.

आबाजींची शेवटची असेंब्ली. मी तेव्हा शिकाऊ नर्स होते, सुट्टी घेऊन गेले होते. साक्षीची वेळ आली. एकेक जण उठून आपल्या दोन तारखा सांगत होता. आबाजी काठीवर भार देऊन उभे राहिले. सगळ्यांना वाटलं, रानातली ती रात्र आता पुन्हा ऐकायची. ते म्हणाले, “मागच्या मंगळवारी मेहकरला जाऊन आलो. एवढंच सांगायचं आहे.” आणि बसले.

काय म्हणाले ते बहुतेकांना कळलंच नाही. पुढच्या रांगेतल्या मेहकरच्या त्या पाळकांनी मागे वळून पाहिलं नाही, फक्त चष्मा काढून उपरण्याने पुसत राहिले. बायकांच्या बाजूने आजीने भजन धरलं.