नारळ फुटला, वाटा कोणाचा?



आजचा श्लोक गीतेच्या तिसऱ्या अध्यायातला तेरावा. अर्थ सरळ आहे. यज्ञ करून जे उरतं ते खाणारे सज्जन सगळ्या पापांतून सुटतात, आणि जे फक्त स्वतःपुरतं शिजवतात ते अन्न नाही, पाप खातात. इतकं कडक बोलणं गीतेत वारंवार येत नाही.

आता यज्ञ म्हटलं की डोळ्यांपुढे होमकुंड येतं. पुण्यात वन आरके मध्ये राहून मोबाईलवर जेवण मागवणाऱ्याने होमकुंड कुठून आणायचं? म्हणून आज आपण नारळ घेऊ. नारळ फोडणं हा आपल्या घरातला सगळ्यात छोटा यज्ञ आहे. काहीतरी फुटतं, देवाला जातं, आणि उरलेलं वाटून खाल्लं जातं.

मी बुलढाणा जिल्ह्यातला. आमच्याकडे कापूस, सोयाबीन, तूर, हरभरा. नारळाला समुद्रकाठची दमट हवा मानवते. आमच्या उन्हाळ्यात तर माणूसच सुकतो. त्यामुळे चिखली, मेहकरच्या बाजारात दिसणारा नारळ ट्रकने दुरून आलेला असतो, बहुतेक दक्षिणेतून. कोकणात आणि गोव्यात नारळ रोजच्या आमटीत, सोलकढीत असतो. आमच्याकडे ओला नारळ घरात येतो तो देवाच्या निमित्ताने. भाजीत घालायचा म्हणून नारळ विकत आणणारं घर आमच्या लहानपणी तरी शोधावं लागलं असतं. शनिवारी मारुतीपुढे फुटायचा, अर्धी कवड घरी यायची, आणि दुसऱ्या दिवशी हिरवी मिरची, कोथिंबीर, थोडे शेंगदाणे घालून तिची चटणी. म्हणजे बघा, आमच्या ताटातलं ओलं खोबरं हे शब्दशः यज्ञातून उरलेलं अन्न होतं. श्लोक कोणी शिकवला नव्हता, पण घर तो पाळत होतं.

वऱ्हाडाचं खरं रोजचं खोबरं मात्र सुकं. ते किराणा दुकानातून येतं. कारण साधं आहे, फोडलेला ओला नारळ उन्हाळ्यात दिवसभरात आंबतो, सुकी वाटी महिनोन्‌महिने टिकते. कर्नाटकातलं तिपटूर गोटा खोबऱ्याच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. तिथे पक्के नारळ न फोडता कित्येक महिने ठेवतात. आतलं पाणी हळूहळू आटतं, खोबरं करवंटीपासून सुटतं, आणि हलवलं की आत गोटा खुळखुळतो. तेच खोबरं चिमट्यात धरून गॅसवर काळपट भाजायचं, कांदा, खसखस, तीळ यांच्यासोबत वाटायचं, की आमचा झणझणीत रस्सा तयार. सुक्या खोबऱ्यात साठ टक्क्यांहून जास्त तेल असतं, म्हणून तर वाटण परतताना कडेने तेल सुटतं. बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवात हेच खोबरं, रामजन्माच्या सुंठवड्यात हेच, आणि भुलाबाईच्या खिरापतीतही बरेचदा हेच. खिरापत झाकून ठेवायची, मुलींनी ओळखायची, आणि मग प्रत्येक हातावर चिमूटभर. एका वाटीचं खोबरं किसलं की पंचवीस मुलींना पुरतं. अख्खी वाटी एकीलाच दिली असती तर तिला ती धड चावलीही नसती.

नवव्या अध्यायात (श्लोक २६) भगवंत म्हणतात की भक्तीने दिलेलं पान, फूल, फळ, पाणी मी आनंदाने घेतो. नारळात फळ आणि पाणी दोन्ही एकाच वेळी आहेत, म्हणून गरिबाला तो परवडणारा पूर्ण नैवेद्य वाटला असेल. फोडताना खाली वाटी धरायची, पाणी गाळून चमचा चमचा सगळ्यांना. तेच फळ सहा-सात महिन्यांचं असताना उतरवलं तर शहाळं, वर्षभर झाडावर पिकलं तर नारळ. दवाखान्याच्या फाटकाबाहेर शहाळ्यांची गाडी असतेच. (मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच प्यावं, त्यात पोटॅशियम भरपूर असतं. भक्ती आणि पथ्य यांचं भांडण नाही.)

माउली ज्ञानेश्वरीत याच श्लोकापाशी थांबून सांगतात की या अन्नाला सामान्य समजू नका, ते ब्रह्माचंच रूप आहे. आणि आमच्या शेगावची गोष्ट तर तुम्हाला पाठ आहे. २३ फेब्रुवारी १८७८. जेवणावळ उठलेली, उष्ट्या पत्रावळी बाहेर टाकलेल्या, आणि गजानन महाराज त्यातली शितं वेचून खात बसलेले. लोकांनी फेकलं त्याला महाराजांनी शेष मानलं. मला दर वेळी वाटतं की महाराजांनी पहिल्याच दिवशी तिसऱ्या अध्यायाचा हा श्लोक करून दाखवला.

मग आपलं काय चाललंय? नवस ५१ नारळांचा. फोटो, रील, सगळं होतं. फुटलेल्या कवडी पोत्यात पडून आंबतात. देवाकडे नारळ पोचला, माणसाकडे शेष पोचलंच नाही. माझ्या मते हा यज्ञ अर्धा झाला. अकरा फोडा, पण अकराही त्याच दिवशी कोणाच्या तरी तोंडात गेले पाहिजेत.

पण आंबलेल्या खोबऱ्यापेक्षा मला एक दुसरी गोष्ट जास्त टोचते. ती म्हणजे ओटी. तांदूळ, खण, नारळ. आमच्या नात्यातल्या एका लग्नात ओट्या भरायला सुरुवात झाली. रांगेत सगळ्या बसल्या. दोन दिवस चुलीपुढे उभी राहून ज्या काकूंनी खोबरं भाजलं, वाटलं, दोनशे माणसांचा रस्सा केला, त्या मात्र आत भांडी आवरायला निघून गेल्या. कोणी त्यांना ऊठ म्हटलं नाही. त्यांना माहीत होतं. काका गेल्यापासून त्यांच्या पदरात नारळ पडलेला नाही. त्यांच्या हातचा रस्सा सगळ्यांना चालला.

आता हा श्लोक परत वाचा. आपल्यापुरतं शिजवणं म्हणजे फक्त एकट्याने खाणं नव्हे. वाटताना एकीला वगळलं, तर ती पंगतही आपल्यापुरतीच.

आणि हे सिंदखेडराजाच्या जिल्ह्यात! दर १२ जानेवारीला आपण तिथे जिजाऊंपुढे माथा टेकवतो. शहाजीराजे १६६४ मध्ये गेले. त्यानंतर दहा वर्षं त्या मासाहेब स्वराज्याच्या पाठीशी उभ्या राहिल्या आणि ६ जून १६७४ चा राज्याभिषेक त्यांनी डोळ्यांनी पाहिला. त्यांना मातृतीर्थाची देवता मानायचं आणि घरातल्या काकूंना नारळ द्यायचा नाही, याचा मेळ मला लागत नाही.

रूढी बदलत नाहीत असं कोणी म्हणालं तर कोल्हापूर जिल्ह्यातलं हेरवाड सांगा. त्या गावाने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून बाकी ग्रामपंचायतींना तसंच करायचं आवाहन केलं. आपल्याला तर ठरावही लागत नाही. ओटीचं ताट तुमच्या आईच्या किंवा वहिनीच्या हातात असतं. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी फोन करून एवढंच विचारा, "काकूंचा नारळ आणलाय ना?" आयत्या वेळी सगळ्यांसमोर हट्ट नको, त्यात काकूच अवघडतील. आधी त्यांना विचारा. त्या नको म्हणाल्या तर नारळ नुसता हातात द्या, आणि पुढच्या वर्षी पुन्हा विचारा.

उद्या चौदावा श्लोक, अन्न आणि पाऊस. तोवर ज्यांच्या घरी देवापुढचा नारळ तसाच पडून असेल त्यांनी आज रात्री तो फोडून घ्या, शेजारच्यांनाही थोडी चटणी जाऊ द्या.

जय गजानन!